तुटलेला बर्मा नव्हे, कटर हरवलेला बिट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. आजोबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. त्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली तेव्हा पिळाच्या चार बिटांबरोबर, म्हणजे भोक पाडायच्या पात्यांबरोबर, एक विचित्र बिट निघाला. लांबी साधारण आठ इंच. मागचं शेपूट चौकोनी आणि निमुळतं. पुढे नाकावर बारीक स्क्रू, त्याच्या मागे एकाच बाजूला आखूड धार आणि तिच्या जरा वर धडाला आरपार गेलेली आडवी खाच. खाचेजवळ गंजून घट्ट बसलेला एक स्क्रू. पीळ कुठेच नाही. शेपटावर इंग्रजीत 'पॅट. मे ११ १८', मग एक पुसलेला आकडा, मग '८'. हार्डवेअरवाला म्हणाला, "बर्मा तुटलाय, भंगारात टाका." शेजारी म्हणाले, दगडात भोक पाडायचा असेल.

भंगारात टाकू नका. बिट तुटलेला नाही आणि त्याचा दगडाशीही काही संबंध नाही. लाकडात मोठी भोकं पाडायचा, माप कमीजास्त करता येणारा हा बिट आहे. कॅटलॉगातलं त्याचं नाव एक्स्पान्सिव्ह बिट, आणि तुमचा जो आहे तो क्लार्क पद्धतीचा. फक्त त्याचा सरकता कटर जागेवर नाही. दात पडलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, तसं झालंय त्याचं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. म्हणजे फौंड्रीत ओतकाम करण्याआधी वाळूत ठसा उठवायला जे लाकडी नमुने लागतात, ते बनवायचं काम. त्यात भोकं हजार मापांची. त्यामुळे असले बिट हाताखालून बरेच गेले, आणि आता निवृत्तीनंतर जुन्या बाजारातून उचलून आणायचा नादच लागलाय. घरच्यांचं त्यावर जे मत आहे ते इथे लिहीत नाही.

अनोळखी बिट हातात आला की बहुतेक जण आधी त्याची धार बघतात. मी शेपटापासून सुरुवात करतो. बिट कोण फिरवणार होतं, हात की यंत्र, ते शेपूट सांगतं. हल्लीच्या ड्रिलच्या चकला, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाला, तीन जबडे असतात, त्याला गोल किंवा षटकोनी शेपूट लागतं. चौकोनी आणि मागे निमुळतं होत जाणारं शेपूट हातानं फिरवायच्या ब्रेसचं. वरती छातीनं किंवा तळहातानं दाबायचा लाकडी गोळा, मध्ये इंग्रजी 'यू'सारखा वाकलेला दांडा, खाली चक, तो ब्रेस. अमेरिकेत १८६४ साली बार्बर नावाच्या माणसाने दोन जबड्यांचा, मूठ फिरवून आवळायचा चक काढला आणि मग बहुतेक सगळ्यांनी तोच उचलला. त्याआधीच्या इंग्लिश ब्रेसमध्ये स्प्रिंगची खिट्टी असायची, ती अडकावी म्हणून शेपटाच्या एका कडेला कानशीनं छोटी 'व्ही' खाच पाडत. तुमच्या बिटाच्या शेपटाच्या चारही कडांवरून नख फिरवून बघा. अशी खाच लागली तर तो कधीतरी जुन्या इंग्लिश ब्रेसमध्ये वापरला गेलाय असं समजायला हरकत नाही. फोटोत मला ती दिसली नाही.

मग तुम्ही म्हणाल, आपल्या सुतारांकडे तर सामता असायचा. बरोबर, पण सामता कसा चालतो ते आठवा. कमानीची दोरी दांड्याला गुंडाळलेली, कमान पुढे ओढली की दांडा एकीकडे फिरतो, मागे ओढली की उलटा. म्हणून सामत्याचं पातं चपटं, भाल्यासारखं, दोन्ही बाजूंनी सारखं घासलेलं असतं. ते दोन्ही दिशांना खरवडतं. त्याच्या नाकावर स्क्रू असून चालणारच नाही, कारण पुढच्या ओढीत जेवढा आत शिरेल तेवढा मागच्या ओढीत बाहेर येईल. नाकावर स्क्रू दिसला की समजायचं, एकाच दिशेनं सलग फिरणारं हत्यार. पेटीत चपट्या भाल्यासारखी पाती सापडली तर ती मात्र सामत्याची, ती वेगळी ठेवा.

नाकावरचा स्क्रू आणखी एक गोष्ट सांगतो. तो स्वतः लाकडात शिरून मागच्या धडाला ओढत नेतो, म्हणजे काम लाकडाचं. दगडाला किंवा लोखंडाला असला स्क्रू एका फेऱ्यात बोथट होईल. त्याचे आटे दाट आहेत की विरळ तेही बघावं. विरळ आटे मऊ लाकडासाठी, झपझप आत जातात. दाट आटे सागवान, शिसवीसारख्या कठीण लाकडासाठी, प्रत्येक फेऱ्याला पातळ चकती निघते आणि हातावर ताण कमी येतो. तुमच्या बिटाचे आटे बऱ्यापैकी दाट दिसतात. रेल्वेच्या जुन्या डब्यांची अंगं सागवानी असत, तेव्हा तिथल्या सुताराकडे असाच बिट असायला हवा.

आता खाच. इथेच हार्डवेअरवाल्याची गफलत झाली. तुटलेलं पोलाद आतून दाणेदार दिसतं, फुटलेल्या साखरेच्या ढेपेसारखं, आणि तुटलेली कड कधीच सरळ नसते. तुम्ही काडेपेटीतली काडी घ्या, खाचेत घाला आणि आतून दोन्ही कडांवरून फिरवा. कडा सरळ लागतील, एकमेकींना समांतर, आणि निदान एक कड आतल्या बाजूला तिरकी कापलेली लागेल, म्हणजे खाच तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. एवढ्या मेहनतीनं कुणी मोडलेला भाग घासत बसत नाही. ही खाच म्हणजे घर आहे. त्यात एक चपटी पट्टी आडवी सरकत असे आणि शेजारच्या स्क्रूनं ती जागेवर आवळली जात असे.

ती पट्टी म्हणजे कटर. तिच्या बाहेरच्या टोकाला खाली झुकलेली एक नखी असते आणि तिला लागून आत रंध्याच्या पात्यासारखी आडवी धार. नखी आधी वर्तुळ कापते, मागून धार तेवढी चकती सोलून काढते. नाकाजवळची जी आखूड धार तुम्हाला दिसते ती मधला गाभा कापते, उरलेलं सगळं कटर. कटर आत ढकलला की भोक लहान, बाहेर ओढला की मोठं. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की कटर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाहेर सरकला तर भोक दोन सुतांनी वाढतं, कारण सरकते ती त्रिज्या. नवशिका हमखास इथे फसतो. बहुतेक कटरांवर म्हणूनच व्यासाच्या हिशेबाने रेघा मारलेल्या असतात.

हे बिट साधारण दोन आकारांत यायचे. लहान अर्धा इंच ते दीड इंच, मोठा सात सूत ते तीन इंच. प्रत्येकाबरोबर दोन कटर, एक आखूड आणि एक लांब. आठ इंच लांबी आणि धडाची जाडी बघता तुमचा मोठ्यातला. एका बिटात सव्वा इंचाचं लॅचचं भोकही पडतं आणि अडीच इंचाचा पाइपही जातो, म्हणून फिरतीवरच्या सुताराला तो सोन्यासारखा. जाग्यावर बसून काम करणाऱ्याला मी मात्र ठरावीक मापाचे वेगवेगळे बिटच घ्या म्हणेन. सरकत्या कटरची भोकं कधीच तेवढी नेटकी येत नाहीत.

यासारखी दिसणारी दोन-तीन हत्यारं आहेत, ती चटकन बाजूला काढू. सेंटर बिटालाही एका बाजूला नखी आणि दुसऱ्या बाजूला धार असते, पण ती धडालाच जोडलेली, खाच नसते. फोर्स्टनर बिट, ज्याचं पेटंट अमेरिकेत ओरेगनच्या बेंजामिन फोर्स्टनरने १८७४ मध्ये घेतलं, त्याच्या नाकावर खेचणारा स्क्रूच नसतो, तो आपल्या गोल काठाच्या आधारानं चालतो. आणि गाडीच्या आऱ्यांची टोकं गोल करायचा पोकळ ऑगर तोंडाशी उघडा असतो, आरा त्याच्या आत शिरतो. तुमच्यात यातलं काहीच जुळत नाही.

राहिला तो अर्धवट ठसा, आणि मला या सगळ्यात जास्त मजा तिथेच आली. 'पॅट.' म्हणजे पेटंट, आणि महिना आधी, तारीख नंतर ही लिहिण्याची रीत अमेरिकी. अमेरिकेचं पेटंट ऑफिस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पेटंटं मंगळवारीच जारी करत आलंय. म्हणजे हत्यारावर कोरलेली अमेरिकी पेटंटची तारीख मंगळवारच असली पाहिजे. आता तुमचा आकडा १८-कोरी-जागा-८. कॅलेंडर घेऊन बसा. ११ मे १८४८ ला गुरुवार होता. १८६८ ला सोमवार, १८७८ ला शनिवार, १८८८ ला शुक्रवार, १८९८ ला बुधवार. मंगळवार येतो तो एकट्या १८५८ ला. आणि ११ मे १८५८ हीच कनेक्टिकटच्या क्लार्कच्या एक्स्पान्सिव्ह बिटाच्या पेटंटची तारीख. खाच, स्क्रू आणि ठसा, तिघांची साक्ष एकमेकांशी जुळली. एका निशाणीवर मी कधी निकाल देत नाही, कारण ठसे खोटे मारलेले असतात आणि भाग अदलाबदल झालेले असतात.

ठसा स्वतः वाचायचा असेल तर गंज घासून काढायच्या आधी वाचा. खोलीत अंधार करा, टॉर्च शेपटाला जवळजवळ टेकवून तिरका धरा, मग सावलीत अक्षरं उठतात. त्यावर पांढरा खडू चोळून बोटानं पुसलात तर खोलगट भागात खडू राहतो. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासली तरी ठसा उमटतो. 'पॅट'च्या वर एखाद-दुसरं अक्षर नक्की सापडेल. शिवाय शेपटाच्या दुसऱ्या बाजूला 'जी.आय.पी.' अशी अक्षरं किंवा बाणासारखी खूण आहे का बघा. माटुंग्याचं वर्कशॉप १९१५ साली जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनंच उभारलं. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. यातलं काही नसेल आणि आजोबांच्या नावाची अक्षरं पोगरानं ठोकलेली असतील, तर बिट त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला. सुतार आपल्या मालकीच्या हत्यारावर खूण केल्याशिवाय राहत नाही.

मात्र कुणाला "हा १८५८ चा बिट" असं सांगू नका. ती पेटंटची तारीख आहे, बिट बनल्याची नाही. पेटंटची मुदत संपून गेली तरी कारखानदार वर्षानुवर्षं तोच ठसा मारत राहत, कारण गिऱ्हाईक ठसा बघून माल घ्यायचं. ठसा एवढंच सांगतो की त्याआधीचा नाही. जुन्या जर्मन मालावर 'डी.आर.जी.एम.' ही अक्षरं असतात, म्हणजे तिथल्या सरकारी नमुना-नोंदणीची खूण, त्यांचा हिशेब जास्त सोपा, ती नोंदणीच १८९१ मध्ये सुरू झाली. तशी अक्षरं तुमच्या इतर बिटांवर असली तर कळवा.

आता मुख्य गोष्ट. तुमचा तिसरा फोटो, उघड्या पेटीचा, मोठा करून बघा. उजव्या कोपऱ्यात, कानशींच्या खाली, एक काळी चपटी पट्टी अर्धी दिसते. तिच्या एका टोकाला वाक आहे आणि कडेला बारीक रेघा. तुम्ही तिला रंध्याचं मोडकं पातं समजला असाल. रंध्याच्या पात्याला रेघा कशाला असतील? माझ्या मते तोच तुमचा कटर, बहुधा लांबातला. असे बिट बाजारात येतात तेव्हा दहांतल्या आठ वेळा धड असतं आणि कटर नसतो, कारण पेटी आवरताना ती पट्टी कुणालाच ओळखू येत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात एका दुकानदाराच्या नट-बोल्टच्या डब्यात मला असे दोन कटर एकत्र सापडले होते. तो ते पत्र्याचे तुकडे म्हणून किलोवर देत होता.

पट्टी बसवायच्या आधी तो गंजलेला स्क्रू सैल करायला हवा. पान्हा लावून ताकद लावाल तर डोकं झिजेल, मग खरंच भंगार. डिझेलमध्ये निदान दोन दिवस बुडवून ठेवा, मधूनमधून स्क्रूच्या डोक्यावर लाकडी हातोडीनं हलके ठोके द्या. स्क्रूच्या डोक्यावरच्या चिरेत बरोबर मावणारा रुंद स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि आधी थोडा आवळायच्या दिशेनं फिरवा. चिकटलेला गंज तसाच सुटतो. गॅसवर धरू नका. जुनं कार्बन पोलाद तापलं की आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, साधारण तीनशे अंशांना निळं पडतं आणि धारेची कठीणता गेली ती गेली. गंजासाठी पितळी ब्रश आणि तेल पुरे. ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश तर या बिटाच्या जवळपासही नेऊ नका, तुमची ती 'मे ११' तो एका मिनिटात चाटून जाईल.

कटर खाचेत घालताना नखी खाली, नाकाच्या बाजूला. धार फिरण्याच्या दिशेला तोंड करून, म्हणजे बिट वरून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवला तर धार पुढे आणि तिची पाठ मागे राहिली पाहिजे. पट्टी खाचेत बोटानं ढकलून सरकावी, पण हलू नये. हलत असेल तर ती दुसऱ्या कंपनीच्या बिटाची आहे. वरून सारखी दिसली तरी जाडी आणि कडांचा तिरकेपणा वेगळा असतो, आणि पत्र्याची पाचर मारून बसवलेला कटर दुसऱ्या फेऱ्यात माप सोडतो. स्टीअर्स पद्धतीच्या बिटात तर कटरच्या कडेला दाते असतात आणि स्क्रू त्या दात्यांत फिरून त्याला सरकवतो. तो कटर तुमच्या क्लार्कमध्ये बसणारच नाही.

धार लावायची वेळ आली तर एक ऐका. मी शिकाऊ होतो तेव्हा मिस्त्रींचा सेंटर बिट बोथट वाटला म्हणून मी त्याच्या नखीला बाहेरून कानस मारली, छान चकचकीत केली. मिस्त्री काही बोलले नाहीत. सागवानाचा दोन इंची ठोकळा दिला आणि म्हणाले, "पाड दहा भोकं." पहिल्याच भोकात बिट अर्ध्यावर रुतला, तो बाहेर काढता काढता माझा घाम निघाला. बाहेरून घासल्यानं नखीचं वर्तुळ लहान झालं होतं आणि मागची धार त्याच्याबाहेर जाऊन लाकूड फाडत होती. नखी नेहमी आतून घासायची, आणि धार वरच्या बाजूनं, बारीक कानशीनं, दोनचार हात मारून. तुमच्या सरकत्या कटरात बाहेरून घासलं तर आणखी एक नुकसान, त्यावरच्या रेघा कायमच्या खोट्या होतात.

वापरायचा विचार असेल तर विजेच्या ड्रिलमध्ये कदापि नाही. चौकोनी शेपूट तीन जबड्यांत घट्ट बसत नाही, नाकावरचा स्क्रू थांबायला तयार नसतो आणि एका बाजूला दीड इंच बाहेर आलेला कटर त्या वेगानं अडकला तर मनगट जाईल. दहा किंवा बारा इंची फेऱ्याचा ब्रेस घ्या. मुंबईत लोहार चाळ, नागदेवीच्या बाजूला चौकशी करा, नाहीतर जुना बाजार आहेच. आधी दीड इंचाचं भोक पाडून हात बसवा. सागवानात तीन इंची भोक हा पैलवानाचा उद्योग आहे. आणि नाकाचा स्क्रू फळीच्या पलीकडे सुईएवढा दिसला की थांबा, बिट काढा, फळी उलटी करा आणि त्याच छिद्रातून मागच्या बाजूनं पुरं करा. नाहीतर पलीकडची चीप उडते.

उरलेल्या चार पिळाच्या बिटांवर ४, ६, ८ आणि १२ असे आकडे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते इंचाच्या सोळाव्या भागात. आपल्या भाषेत प्रत्येक आकडा म्हणजे अर्धा सूत. चार म्हणजे पाव इंच, सहा म्हणजे तीन सूत, आठचा अर्धा इंच, बाराचा पाऊण. मधला दहा नंबर, म्हणजे पाच सूत, पेटीत कुठेतरी असायला हवा, सुतार सहसा तो सोडत नाही.

कटर बसला की रेघ सव्वा इंचावर लावा, कुठल्याही रद्दी फळीत अर्धा इंच खोल भोक पाडा आणि त्याचा व्यास दोन दिशांनी मोजा. रेघेपेक्षा जेवढा फरक येईल तेवढा कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. त्या झाकणाच्या आत आजोबांनी पेन्सिलीनं काही आकडे लिहिलेत का, तेही एकदा टॉर्च लावून बघा.